ज्यूदो वर्गाची खरी कसोटी



ज्यूदोच्या एखाद्या क्लबात पाऊल टाकताच प्रथम नजरेत भरतात त्या कपाटातील ढाली व भिंतीवरील प्रशस्तिपत्रके. मुलांना तेथे घालावे की नाही, याचा निर्णय बहुतेक पालक त्यांवरूनच करतात. वस्तुतः वर्गाची प्रत कळते ती चटईवर, आणि तीही मूल पडते त्या क्षणी.

जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोतील एका बौद्ध मंदिरात अवघ्या बारा चटयांच्या जागेत कोदोकान ही संस्था स्थापन केली. जुन्या जुजुत्सूतील घातक डाव त्यांनी मुक्त सरावातून वगळले. हनुवटी छातीकडे ओढून, डोके चटईला लागू न देता पडण्याच्या कौशल्यास ‘उकेमी’ म्हणतात. पाडण्याची सारी विद्या या पायावर उभी आहे.

हा पाया कच्चा राहिला तर काय होते, हे खुद्द जपानने अनुभवले आहे. तेथे १९८३ ते २०११ या काळात शालेय ज्यूदोमध्ये शंभराहून अधिक विद्यार्थी प्राणास मुकले. त्यांपैकी पुष्कळांना डोक्याची दुखापत भोवली. पुढे २०२२ साली तेथील ज्यूदो महासंघाने प्राथमिक शाळकरी मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली. कारण विजयाच्या हव्यासाने शिक्षण मागे पडू लागले होते.

तेव्हा पालकांनी एक वर्ग आरंभापासून अखेरपर्यंत बसून पाहावा. नवागतांना उकेमीचा सराव पुरेसा मिळतो काय? जोड्या लावताना वय, वजन व अनुभव पाहिला जातो काय? चटयांमध्ये फटी तर नाहीत ना? मुलाने शरणागतीची थाप मारताच पकड सुटते काय? डोक्यास मार लागलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा चटईवर उतरविले जात नाही ना? आणि पट्ट्याचा रंग परीक्षेने बदलतो की केवळ शुल्काने?

आपल्याकडे माती खोदून मऊ केल्यावाचून आखाड्यात कुस्ती लागत नाही. जो वस्ताद मातीची काळजी घेतो, तोच पठ्ठ्याच्या हाडांची घेतो. ज्यूदोच्या शिक्षकासही हाच निकष लावावा. ढाली मोजावयास दोन मिनिटे पुरतात. वर्ग पारखावयास एक सबंध संध्याकाळ खर्ची घालावी लागते. ती पालकांनी अवश्य घालावी.