जुन्या क्वार्ट्झ घड्याळाची निगा

चावीच्या घड्याळात एक गुण मोठा चांगला होता. ते रोज सकाळी मालकाला आपली आठवण करून देत असे. चावी द्यावयाची राहिली, की दुसऱ्या दिवशी ते रुसून बसे. क्वार्ट्झ घड्याळ आले आणि आपली ही सवय मोडली. ते दोन-दोन वर्षे काही मागत नाही. त्यावरून त्याला काही लागतच नाही असा आपण समज करून घेतो. या समजाची किंमत मी नुकतीच मोजली आहे.

माझ्या वडिलांनी १९८६ साली एच. एम. टी.चे क्वार्ट्झ घड्याळ घेतले. त्यांची नोकरी रेल्वेतील; वेळेच्या बाबतीत ते कमालीचे काटेकोर. रविवारी मिस्सासाठी निघताना तेच घड्याळ पुढे धरून ते साऱ्या घराला घाई करीत. २०११ साली ते गेले. मी ते घड्याळ पुसून, फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवले व त्याचे जतन केले अशा समाधानात राहिलो. परवा माझ्या मुलीने आजोबांचे घड्याळ वापरावयास मागितले, तेव्हा ते बाहेर काढले. नवा सेल घातला तरी काटा हलेना. एका दुकानदाराने झाकण उघडून पाहिले व म्हणाला, ''सर, हे मशीन टाकून द्या. दीडशे रुपयांत नवे बसवितो. वरून सारे तेच दिसेल.''

मी होकार देण्याच्या बेतात होतो. पण वरून तेच दिसणारे घड्याळ मुलीच्या हातात देताना 'हे आजोबांचे' असे म्हणावयास माझी जीभ रेटली नसती. म्हणून हुबळीच्या दाजीबानपेठेत एक वृद्ध घड्याळजी बसतात, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, बराच वेळ पाहिले आणि मान वर न करताच म्हणाले, ''मास्तर, हे मेलेलं नाही. तुम्ही याच्या पोटात विष ठेवून दिलं होतं.''

ते विष म्हणजे मी आत तसाच राहू दिलेला जुना सेल.

हे यंत्र चालते कसे, हे ठाऊक असेल तरच त्याची निगा राखता येते. स्फटिकावर दाब दिला असता त्यात वीज निर्माण होते, हे फ्रान्समधील क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखविले. उलट, वीज दिली असता स्फटिक थरथरतो. या थरथरण्याची लय इतकी पक्की, की १९२७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तिच्यावर घड्याळ चालविण्यात आले. मनगटावर यावयास मात्र १९६९ चा नाताळ उजाडावा लागला. त्या दिवशी टोकियोत सायको कंपनीने आपले 'ॲस्ट्रॉन' विक्रीस काढले. किंमत साडेचार लाख येन!

घड्याळातील स्फटिकाचा आकार शाळेतल्या नादकाट्यासारखा असतो. धातूच्या एका चिमुकल्या नळीत तो बंद असतो आणि सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा विचित्र आकडा का? सातवीच्या वर्गात घातांक शिकविताना मी हाच प्रश्न फळ्यावर लिहितो. दोनाचा पंधरावा घात म्हणजे ३२,७६८. याची पंधरा वेळा निमपट करीत गेले, की बरोबर एक उरतो. ही निमपट करण्याचे काम आतील सर्किट करते व दर सेकंदास विजेचा एक ठोका तारेच्या गुंडाळीत सोडते. गुंडाळीजवळचा लहानसा चुंबक त्या ठोक्यासरशी अर्धा फेरा फिरतो आणि सेकंदकाटा एक घर पुढे उडी मारतो.

यास वीज किती लागावी? एका अँपिअरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील एक-दोन भाग. सेलमध्ये पंचेचाळीस मिलिअँपिअर-तास वीज असली व यंत्र दोन भाग खात असले, तर ते साडेबावीस हजार तास, म्हणजे सुमारे अडीच वर्षे चालेल. पण आतले तेल सुकले, धूळ साचली, की चाके जड होतात, घड्याळ मागे पडते किंवा मध्येच थबकते. वारंवार सेल बदलावा लागत असेल, तर दोष दर वेळी सेलचा नसतो. पुष्कळदा यंत्रालाच साफसफाई व नवे तेल हवे असते. क्वार्ट्झला तेलपाणी लागत नाही ही समजूत चुकीची आहे. निदान त्या काळच्या पितळी पाटांच्या व स्क्रूंच्या यंत्रांना तरी ते लागतेच. आणि ती खोलून दुरुस्त करता येतात, हा त्यांचा मोठा गुण.

संपलेला सेल आत राहिला, की कधी ना कधी पाझरतो. त्यातील द्रव क्षारयुक्त असतो. तो सुकून पांढरी-हिरवी बुरशी धरल्यासारखा थर जमतो व तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. काकांनी लाकडी काडीच्या टोकावर व्हिनेगरचा थेंब घेऊन तो थर विरघळविला, मग स्पिरिटने जागा पुसली. तारेच्या गुंडाळीला मात्र त्यांनी काडी लागू दिली नाही. ती तार केसाहूनही बारीक. एक ओरखडा पुरे, की सारा खेळ आटोपला. मीटर लावून त्यांनी ती पाहिली. गुंडाळी शाबूत होती. सेलला टेकणारी पट्टी मात्र खाऊन गेली होती.

अशी पट्टी आता आणावयाची कोठून? १९६१ साली सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने बंगळुरास मनगटी घड्याळे करू लागलेल्या एच. एम. टी.ची घड्याळ-कंपनी बंद करण्यास २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने मंजुरी दिली. काकांनी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा पुढे ओढला. त्यात लोकांनी टाकून दिलेली यंत्रे होती. त्यांतील एकाची पट्टी आमच्या घड्याळाला लागली. दीडशे रुपयांत नवे मशीन बसविणारे जुने यंत्र केराच्या टोपलीत टाकतात, त्यात अशी किती घड्याळांची औषधे जात असतील! आपले बदलावयाचेच झाले, तर निदान जुने यंत्र मागून घ्यावे व अशा एखाद्या कारागिरास द्यावे.

घरी करण्याजोगे थोडेच आहे. घड्याळ वापरात नसेल, तर सेल काढून ठेवावा. चावी ओढून ठेवली, की पुष्कळ घड्याळांत काटे थांबतात व वीज वाचते. पण पाझरण्याचे भय त्याने टळत नाही. सेल घ्यावयाचा तो सिल्व्हर ऑक्साइडचा, जुन्याच क्रमांकाचा. स्वस्त अल्कलाइन सेल पाझरण्याच्या बाबतीत अधिक बेभरवशाचा. सेल बोटांनी किंवा लोखंडी चिमट्याने धरू नये. प्लास्टिकचा चिमटा बरा. झाकणाखालील रबरी कडे कडक झाले असेल, तर ते तेव्हाच बदलून घ्यावे. आमच्याकडच्या पावसाळ्यात दमट हवा आत शिरावयास वेळ लागत नाही. काही घड्याळांचा सेकंदकाटा सेल संपत आला, की एकदम दोन-दोन किंवा चार-चार घरे उड्या मारू लागतो. तो बिघड नव्हे. ती सूचना आहे.

तेल देऊन झाल्यावर काकांनी सेल बसविला आणि काटा चालू लागला. झाकण लावण्यापूर्वी त्यांनी ते उलटे करून मला भिंगाखाली दाखविले. आतल्या बाजूस सुईने कोरलेल्या तारखा होत्या. सेल बदलला, की घड्याळजी अशी नोंद करून ठेवीत. १९८८ पासून दर दोन-अडीच वर्षांनी एक, न चुकता. शेवटची २००९ ची. तिच्याखाली काकांनी परवाची तारीख कोरली. पुढची केव्हा यावयास हवी, ते माझ्या मुलीने आपल्या वहीत टिपून घेतले आहे.