नोकरीनंतरचा शोधप्रबंध

माजिवड्याहून दररोज सकाळी बँकांच्या नि म्युच्युअल फंडांच्या कचेऱ्यांकडे निघणाऱ्या मंडळींपैकी पुष्कळांच्या मनात, दहा-पंधरा वर्षांची चाकरी झाल्यावर, वित्तशास्त्रात पीएच.डी. करावी असे येते. जवळच बाळकुमला मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनी, मालकाचा ना-हरकत दाखला आणल्यास, अर्धवेळ संशोधनाची मुभाही दिली आहे. या विचाराचे मी मनःपूर्वक स्वागत करतो. मात्र अर्ज भरण्यापूर्वी, आपणापाशी प्रश्न आहे काय, एवढे मला विचारू द्या.

अनुभव हे दूध, प्रश्न हे विरजण. दूध कितीही दाट असो, विरजणावाचून त्याचे दही होत नाही, नुसते ठेवले तर नासते. आणि विरजण लावल्यावर घटकेघटकेला ढवळून पाहणाऱ्याच्या पदरी पाणीच येते. पीएच.डी.ला किमान ३ वर्षांची मुदत उगीच ठेवलेली नाही.

नोकरीनंतर प्रबंध पुरा करणाऱ्याचे एक उदाहरण घ्या. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत सरल्यामुळे १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी आधी बडोदे दरबारची व नंतर सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापकाची नोकरी केली. त्याच वर्षांत चांदी महागून रुपयाचा भाव १ शिलिंग ४ पेन्सांवरून २ शिलिंगांपलीकडे चढला, म्हणजे ज्या चलनाच्या प्रश्नावर त्यांनी पुढे प्रबंध लिहिला ते चलन त्यांच्या डोळ्यांदेखत हेलकावत होते. १९२० साली राजीनामा देऊन, शिलकीतले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांच्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले; प्रबंध एकदा फेरलेखनासाठी परत आला, तरी १९२३ साली डी.एस्सी. मिळाली, आणि १९२५ साली चलनविषयक शाही आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली.

पुन्हा सांगतो, कारण नेमके हेच निसटते: नावाआधी ‘डॉक्टर’ लागावे किंवा हुद्दा वाढावा, हा प्रश्न नव्हे. कर्ज थकण्यापूर्वी खात्यात कोणत्या खुणा उमटतात, पतपेढीविषयी अफवा उठल्यावर कोणता ठेवीदार धावतो व कोणता थांबतो, हे प्रश्न आहेत, आणि ते आपल्याच मेजावर पडलेले आहेत. बाहेरच्या संशोधकास जे दफ्तर उघडत नाही ते आपण रोज हाताळता. त्याच्या उपयोगाची लेखी परवानगी मात्र आधी घ्या, नाहीतर लागलेले विरजणही वाया जाईल.

घरखर्चाचा हिशेब राहिला, मार्गदर्शकाची निवडही राहिली, आणि वेळ तर संपत आली. निदान ज्यांच्याकडे जाणार त्यांच्या हाताखाली प्रबंध पुरा केलेल्या दोघांना आधी भेटा, आणि जाताना आपला प्रश्न एका वाक्यात कागदावर लिहून न्या.