१ जुलैचा वायदा

भाव चढतो म्हणून लोक शेअर घेतात आणि लोक घेतात म्हणून भाव चढतो, हे चक्र मुंबईने १८६१ ते १८६५ या काळात पुरेपूर पाहिले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. आपल्याकडील कापसाला सोन्याचे मोल आले. त्या पैशावर कंपन्यांचे पीक माजले. बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या ५,००० रुपयांच्या शेअरचा भाव ५०,००० च्या घरात गेला. समुद्र मात्र अजून जागच्या जागी होता! जमीन नव्हती, उत्पन्न नव्हते. होता तो उद्याचे गिऱ्हाईक अधिक देईल हा भरवसा. कित्येकांनी तर रोख न देता १ जुलै १८६५ चे वायदे केले होते. एप्रिलमध्ये जनरल ली शरण गेला, कापूस कोसळला, आणि ज्याला त्याला वेळेवर बाहेर पडावयाचे होते. परंतु सारेच विकावयास निघाल्यावर घेणार कोण? वेळ साधण्याची ही विद्या चढत्या बाजारातच तेवढी खरी ठरते. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा बाजाराचा राजाही दिवाळ्यात निघाला. सट्टेबाजांना सढळ हाताने कर्ज देणारी बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये मोडली. तिच्या भांडवलात सरकारचा, म्हणजे रयतेचाही, पैसा होता.