सेकू तुरे : पोस्टातील कारकून, खासदार आणि राष्ट्राध्यक्ष



या व्यासपीठावर विद्वान माणसे बोलतात. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढचे युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटाने केले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये. आज आम्ही आमच्याच धंद्यातल्या एका माणसाची हकिगत सांगणार आहोत. तो पश्चिम आफ्रिकेतला, गिनी देशाचा. नाव सेकू तुरे.

गिनी ही त्या काळी फ्रेंचांची वसाहत. तुरे यांचा जन्म 1922 सालचा, फारानाह या गावचा, गरीब शेतकऱ्याच्या घरचा. फ्रेंचांशी वर्षानुवर्षे लढलेल्या सामोरी तुरे या राजाचे आपण वंशज, असे ते सांगत. राजधानी कोनाक्री येथील तंत्रशाळेत असताना विद्यार्थ्यांच्या हरताळात भाग घेतला म्हणून त्यांना काढून टाकण्यात आले. तेव्हा वय पंधराच्या आसपास. त्यानंतर जे शिकले ते नोकरी करता करता, टपालाने धडे मागवून आणि मिळेल ते वाचून. 1941 साली ते पोस्ट-तार खात्यात कारकून झाले आणि 1945 साली त्यांनी पोस्टातल्या कामगारांची युनियन उभी केली. ज्या देशात 1946 पर्यंत माणसांना कायद्याने वेठीला धरत होते, त्या देशात युनियन काढणे म्हणजे काय, हे आपण ओळखालच.

आता त्यांच्या मोठ्या लढ्याकडे येऊ. 1952 च्या डिसेंबरात फ्रान्सच्या पार्लमेंटाने वसाहतींसाठी कामगार-कायदा केला. त्यात आठवडा 40 तासांचा ठरला. आधी तो 48 तासांचा होता. वरवर पाहता लाभच. पण हिशेब करून पाहा. तासाला एक रुपया धरला तर पूर्वी आठवड्याला 48 रुपये मिळत, आता 40 मिळणार. तास कमी झाले आणि त्याबरोबर चूलही मंदावली! पूर्वीचे 48 रुपये राखायचे तर तासाला एक रुपया वीस पैसे हवेत. म्हणजे शेकडा 20 वाढ. कामगारांची मागणी नेमकी एवढीच होती. मालक व सरकार ऐकेनात. तेव्हा सप्टेंबर 1953 मध्ये संप सुरू झाला, तो नोव्हेंबर अखेरीपर्यंत, दोन महिन्यांहून अधिक चालला. इतके दिवस संपकऱ्यांची पोटे कोणी भरली? खेड्यांनी. शेतकऱ्यांनी तांदूळ पाठवला, बायकांनी संपकऱ्यांची घरे सांभाळली. आमच्याकडेही लांबलेला संप गावाकडच्या धान्यावरच तगतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. शेवटी शेकडा 20 वाढ मिळाली, आणि युनियनचे सभासद अनेक पटींनी वाढले.

पार्लमेंटाची वाट याच संपातून गेली. 1954 च्या पोटनिवडणुकीत तुरे हरले. सरकारी अंमलदारांनी निकाल फिरवला, असे त्यांच्या पक्षाचे म्हणणे होते. 2 जानेवारी 1956 च्या निवडणुकीत मात्र ते निवडून आले आणि पॅरिसला फ्रान्सच्या पार्लमेंटात जाऊन बसले. गिनीच्या वाट्याला तिथे तीन जागा होत्या. त्याच वर्षी जूनमध्ये पार्लमेंटाने वसाहतींना सर्व प्रौढांचा मताधिकार आणि स्थानिक मंत्रिमंडळे देणारा कायदा केला. त्या मताधिकारावर 1957 मध्ये तुरे यांच्या पक्षाने गिनीच्या विधानसभेतल्या 60 पैकी 56 जागा जिंकल्या. पोस्टातला कारकून सरकारचा प्रमुख कारभारी झाला.

पुढच्या वर्षी जनरल द गोल यांनी वसाहतींना विचारले, आमच्या नव्या घटनेला होय म्हणता की नाही? नाही म्हणाल तर स्वतंत्र व्हाल, पण फ्रान्सची मदत संपेल. 25 ऑगस्ट 1958 रोजी द गोल यांच्या समोरच कोनाक्रीत तुरे यांनी उत्तर दिले : गुलामीतल्या श्रीमंतीपेक्षा स्वातंत्र्यातले दारिद्र्य आम्ही पत्करू. 28 सप्टेंबरला मतदान झाले. आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहतींत एकट्या गिनीने ‘नाही’ म्हटले, आणि तेही शेकडा 95 मतांनी! 2 ऑक्टोबरला देश स्वतंत्र झाला. फ्रेंच अधिकारी रागाने निघून गेले. जाताना कचेऱ्यांतली दप्तरे आणि टेलिफोनसुद्धा नेले, असे सांगतात.

मित्रहो, इथेच थांबता आले असते तर टाळ्या घेऊन आम्ही खाली बसलो असतो. पण पुढचे न सांगणे म्हणजे आपली फसवणूक होईल.

देशात एकच पक्ष उरला. युनियन त्या पक्षाची शाखा बनली. 1961 च्या नोव्हेंबरात शिक्षकांच्या युनियनने पगाराच्या प्रश्नावर तक्रार केली. मागणी तुरे यांच्या जुन्या मागणीसारखीच होती. उत्तर मात्र वेगळे मिळाले : हा कट आहे! पुढाऱ्यांना तुरुंगात टाकले. त्यांत जिब्रिल तामसिर नियान यांच्यासारखे इतिहासकारही होते. पुढे कटांची रीघ लागली. 1970 साली पोर्तुगीजांनी कोनाक्रीवर खरोखरच हल्ला केला. पण त्या एका खऱ्या हल्ल्याने शंभर खोट्या संशयांना जागा दिली. दियालो तेली हे आफ्रिकी ऐक्य संघटनेचे पहिले महासचिव. त्यांना 1976 मध्ये पकडले, आणि 1977 मध्ये कोनाक्रीच्या कँप बोइरो या तुरुंगात अन्नपाणी तोडून मारले. हजारो माणसे कैदेत गेली, कितीतरी अधिक देश सोडून गेली.

शेवटी ‘नाही’ म्हटले ते बाजारातल्या बायकांनी. खाजगी व्यापार बंद, आणि टोपलीतला माल तपासायला पोलीस, या जाचाला कंटाळून 27 ऑगस्ट 1977 रोजी त्या राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यावर चालून गेल्या. त्यांच्यापुढे तुरे यांना नमते घ्यावे लागले. 26 मार्च 1984 रोजी अमेरिकेत, क्लीव्हलंड येथे त्यांचा मृत्यू झाला. थोड्याच दिवसांत लष्कराने सत्ता घेतली आणि त्यांचा पक्ष बरखास्त केला. त्याला वाचवायला कोणी रस्त्यावर आले नाही.

हे सारे वाचून आम्हांला आमचीच एक सभा आठवते. संपाचा पन्नासावा दिवस होता. एक पोरगेला कामगार उठून म्हणाला, “दादा, तडजोडीचे बघा ना, पोरे उपाशी आहेत.” आम्ही व्यासपीठावरून म्हटले, “हा मालकाचा माणूस आहे, याला खाली बसवा.” सभेने टाळ्या वाजवल्या आणि तो खाली बसला. महिन्याने संप फुटला, आणि तडजोडीत मिळाले असते तेवढेही मिळाले नाही. तो मालकाचा माणूस नव्हता. पुढे आम्ही त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. त्याने चहा दिला, पण सभेत तो पुन्हा कधी बोलला नाही. आमच्या हाती तुरुंग नव्हता, इतकाच काय तो फरक.

सेकू तुरे यांचा 1953 चा संप आणि 1958 चा ‘नाही’ कोणी पुसू शकणार नाही, आणि पुसूही नये. पण मोठ्यांना ‘नाही’ म्हणून जो मोठा होतो, त्याला पुढे धाकट्यांचे ‘नाही’ ऐकवत नाही. म्हणून आमच्या युनियनमध्ये आता नियम केला आहे : वार्षिक सभेत आधी सभासदांचे प्रश्न, मग पुढाऱ्यांचे भाषण. आज भाषण आधी झाले, हा व्याख्यानमालेचा शिरस्ता आहे. आता आपण प्रश्न विचारावेत, अडचणीचे असले तरी विचारावेत.