कोटितीर्थाकाठचा चित्रकार

प्रकाशा येथे तापी-गोमाईच्या संगमावर, कोवळ्या उन्हात, काठाला बांधलेल्या नावेची सावली पाण्यात थरथरताना ज्यांनी पाहिली असेल, त्यांना कोल्हापूरचे जलरंगचित्रकार आबालाल रहिमान यांचे वेड सहज उमगेल. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकून १८८८ साली व्हाइसरॉयचे पदक मिळविणारा आणि पुढे राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय लाभलेला हा कलावंत, दरबारी मानमरातबाची मातब्बरी न बाळगता, कोटितीर्थ तलावाकाठी फकिरासारखा राहिला, आणि तेच पाणी, तोच काठ, प्रहराप्रहराला पालटणाऱ्या प्रकाशात पुनःपुन्हा रंगवीत राहिला. पाण्यावरची चकाकी दाखविण्यास पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावीत नाहीत. तेवढा कागदच कोरा राखावा लागतो, आणि ओला फटकारा एकदा पसरला की परत घेता येत नाही. भरल्या नदीत नाव हाकारण्याइतकेच हे काम मला धीराचे वाटते. १९२२ मध्ये महाराज निवर्तले, १९३१ मध्ये आबालालही गेले. आमच्या तोरणमाळला यशवंत तलावाकाठी एखादे पोर रंगपेटी उघडून बसलेले दिसले, की कोटितीर्थाचा तो एकाकी माणूस मला हटकून आठवतो.