आदल्या रात्रीची तयारी कुणाची?

(नाशिकमधील सिडको भागातल्या बचत गटांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आजचा विषय तुम्हीच सुचवलात. वजन कमी करायचं तर स्वयंपाक कसा असावा आणि कामावर जाणाऱ्या बाईनं त्याची तयारी आधी कशी करून ठेवावी. आलेल्या चिठ्ठ्यांत एकीनं लिहिलंय, "डॉक्टर म्हणतात वजन कमी करा. कधी करू?" या 'कधी'वरच मी जास्त बोलणार आहे.

आधी एक सांगते. जाहिरातीतली सडपातळ बाई आपल्याला व्हायचं नाही, आणि मुलगी बघायला येणाऱ्यांसाठीही हे चाललेलं नाही. गुडघे दुखतात, साखर वाढलीय, रक्तदाब आहे, म्हणून आपण बोलतोय. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २४ टक्के जणींचं वजन जास्त निघालं आणि ५७ टक्के जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. जाड दिसते म्हणजे बाई नीट खाते, असं म्हणायची सोय नाही. कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा असं आपल्याकडच्या बायकांसाठी डॉक्टर सांगतात. शिलाईची टेप घरात असते, मोजून बघा.

मग ती खाते काय? कामानिमित्त मी घरोघर जाते, तिथं ऐकते ते असं. पहाटे चहा-खारी. सगळ्यांचे डबे भरून झाले की पुन्हा चहा आणि रात्रीची पोळी. दुपारी भात आणि पातळ आमटी, कारण भाजी डब्यांत गेलेली असते. रात्री सगळे उठले की पातेल्यात जे असेल ते, "टाकायचं कशाला" म्हणून. वर उपवासाच्या दिवशी शेंगदाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी. या सगळ्यात पीठ, भात, साखर भरपूर; डाळ, उसळ, पालेभाजी नावाला.

आदल्या दिवशी काही करून ठेवायचं म्हटलं की सासूबाई म्हणतात, "आमच्यात शिळं चालत नाही." बरोबर आहे, घरातल्या कुणाला चालत नाही. पण रोजचं शिळं संपवतं कोण? तेव्हा सासूबाईंशी भांडू नका, त्यांना एवढंच सांगा की आपण शिजवून ठेवत नाही, तयारी करून ठेवतोय. फ्रीज नसलेल्या घरातही हे जमतं.

बुधवारी गंगेवरच्या बाजारातून भाजी आणलीत की मेथी, पालक निवडून, न धुता, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. गवार, घेवडा मोडून डब्यात भरा, तो नंतर लागला तरी चालतो. वांगी, बटाटे मात्र आयत्या वेळीच चिरा, काळे पडतात. मटकी सकाळी भिजवा, रात्री उपसून फडक्यात बांधा; नाशिकच्या थंडीत मोड यायला एक दिवस जास्त लागतो. हरभरे, चवळी रात्री भिजत घातली की सकाळी कुकरला लागते. लसणीची चटणी आठवडाभर टिकते. शिजवलेलं अन्न, त्यात भात तर नक्कीच, रात्रभर बाहेर ठेवू नका.

पेठ-सुरगाण्याची नागली आपल्या दारात मिळते, तिची भाकरी जरूर करा. पण पोळीऐवजी भाकरी केली म्हणून वजन उतरत नाही. चार भाकऱ्या त्या चारच. दोन खा, आणि अर्धं ताट भाजी-कोशिंबिरीनं भरा. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटरच्या आसपास बसवा.

आणि यात सगळ्यात आधी करायचं काम : डबे भरताना पहिला डबा स्वतःचा भरा. उसळ, भाजी, दोन भाकऱ्या. घरी असलात तरी भरा. नवऱ्याचा भरून, मुलांचा भरून, उरलं तर आपला, हा क्रम बदलल्याशिवाय बाकीचं सगळं वहीतच राहील. काहीजणी म्हणतात, माझ्यापुरतं वेगळं करते. माझ्या पाहण्यात ते आठवडाभरही टिकत नाही. जेवण सगळ्या घराचंच बदलायला हवं. साखर नवऱ्यालाही होते.

मग राहिला 'कधी'. सरकारच्या २०२४च्या वेळवापर पाहणीत बायकांची रोज २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात असं आलं. पुरुषांची ८८. यात अर्ध्या तासाची निवडानिवड आणखी बाईवरच टाकली, तर वजन नाही, झोप कमी होईल. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत पहिल्या पाळीला जाणाऱ्या बाईला तर ती मुळातच पुरत नाही. मेथी निवडायला बाईचेच हात लागतात असं काही नाही. टीव्हीसमोर बसून गवार मोडता येते. एका घरात मुलगा रोज रात्री कडधान्य भिजत घालतो. "आई, उद्या काय?" असं विचारायची सवय त्यालाच लागलीय.

डॉ. जिचकारांनी मांडलेल्या आणि डॉ. दीक्षितांनी महाराष्ट्रभर व्याख्यानं देऊन पोचवलेल्या दोन वेळा जेवण्याच्या पद्धतीबद्दल तीन चिठ्ठ्या आहेत. दिवसभर तोंडात टाकत राहू नये, हे त्यातलं मला पटतं. पण साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण बंद करू नका, साखर एकदम उतरून चक्कर येते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी तर हा विचारच बाजूला ठेवावा.

आता वह्या काढा. घरात माणसं किती, महिन्याला तेल किती, आणि भाजी निवडतं कोण, एवढं लिहा. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर 'मीच' असेल, तर पुढच्या बैठकीला घरातल्या एका माणसाला बरोबर आणा. भाजी मी आणते.