शेत विकलं नाही, एकत्र केलं



पुण्याच्या पूर्वेला हडपसर.
तिथे मगर आडनावाच्या मंडळींची शेती होती.
उसाचे फड होते.
शहर वाढत वाढत थेट बांधापर्यंत आलं.

अशा वेळी एरवी काय होतं, ते तुम्ही पाहिलं असेल.
जमीन तुकड्यातुकड्यानं विकली जाते.
पैसा येतो, आणि बघता बघता संपतो.

इथे तसं झालं नाही.
सुमारे 120 शेतकरी कुटुंबं एकत्र आली.
त्यांच्यातल्याच सतीश मगर यांनी पुढाकार घेतला.
या कुटुंबांनी जमीन विकली नाही, एकत्र केली.
जवळपास 400 एकर.
त्यासाठी कंपनी काढली. ज्याची जितकी जमीन, तितका त्याचा कंपनीत वाटा.

त्यातून मगरपट्टा सिटी उभी राहिली.
घरं, कचेऱ्या, शाळा, दवाखाना, सगळं एकाच आवारात.
कामावर चालत जाता येतं.
मला ही सोय फार मोलाची वाटते.
पेट्रोल वाचतं, आणि घरच्यांसोबतची संध्याकाळही वाचते.

मधोमध मोठी बाग राखली आहे.
पावसाचं पाणी जमिनीत मुरवलं जातं.
आणि कचरा?
तो घरातच वेगळा होतो.
मेथीची देठं, केळ्याची सालं, कालची पोळी.
त्याचं खत होतं, गॅसही होतो.
खत तिथल्याच झाडांना जातं.

पुन्हा सांगते, जमीन विकली नाही, एकत्र केली.
म्हणून बांधकामाची लहानमोठी कंत्राटंही याच घरांतल्या तरुणांना मिळाली.
वडिलांनी जिथे उसाला पाणी दिलं, तिथेच मुलं कामाला उभी राहिली.